सवाई जयसिंग आणि त्याच्या वेधशाळा

मिर्झाराजे जयसिंग हे नाव महाराष्ट्रातील मुलांना नव्याने सांगावयास नको. १६६५ साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा तो रजपूत सेनापती. महाराज आग्र्यास गेले तेव्हा ज्याच्यावर त्यांच्या रक्षणाची जबाबदारी होती, तो रामसिंग या मिर्झाराजांचा मुलगा. या रामसिंगाच्या नातवाचा मुलगा म्हणजे आपल्या या पाठातील दुसरा जयसिंग. आपल्या खापरपणजोबांप्रमाणे हाही मोगलांच्या चाकरीत होता, हाही शूर व मुत्सद्दी होता. परंतु लढाया आणि तह यांपेक्षा एका वेगळ्याच कामासाठी त्याचे नाव जगात राहिले आहे. त्याने आकाशाचा हिशेब तपासून पाहिला.

जयसिंगाचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी अंबेर येथे झाला. जयपूर शहर तेव्हा नव्हते. अरवलीच्या डोंगरात वसलेले अंबेर हीच कछवाह रजपुतांची राजधानी होती. वडील बिशनसिंग वारले तेव्हा जयसिंग अवघा अकरा वर्षांचा होता. ज्या वयात मुले पाटी-दप्तर सांभाळतात, त्या वयात त्याला राज्य सांभाळावे लागले. राज्य सांभाळणे म्हणजे औरंगजेबाची मर्जी सांभाळणे, असाच तो काळ होता.

औरंगजेबाच्या व त्याच्या पहिल्या भेटीची एक आख्यायिका राजस्थानात सांगतात. बादशहाने या पोरसवद्या राजाचे दोन्ही हात धरले व आता तू काय करशील, असे त्याला दरडावून विचारले. मुलगा गडबडला नाही. लग्नात वर वधूचा एकच हात धरतो आणि जन्मभर तिचे रक्षण करतो; येथे तर बादशहांनी माझे दोन्ही हात धरले आहेत, मग मला भय कसले, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. बादशहा खूष झाला आणि हा मुलगा इतरांहून सव्वापट आहे, असे म्हणून त्याने त्याला ‘सवाई’ हा किताब दिला. गोष्ट खरी असो वा नसो, किताब मात्र खरा आहे. जयपूरच्या राजवाड्यावर एका पूर्ण निशाणाच्या जोडीला एक लहान पाव निशाण फडकत असे, ते या सव्वाचेच चिन्ह होय.

लवकरच या मुलाला दक्षिणेत यावे लागले. मराठ्यांचे किल्ले एकामागून एक घेण्याचा औरंगजेबाने हट्ट धरला होता. १७०२ साली विशाळगडाला मोगलांचा वेढा पडला होता. आत परशुराम त्र्यंबक किल्ला झुंजवीत होते आणि बाहेरच्या मोगली फौजेत तेरा वर्षांचा जयसिंग आपल्या रजपुतांसह लढत होता. तेथे त्याने गाजविलेल्या पराक्रमाबद्दल त्याची मनसब वाढली. आपल्याच सह्याद्रीच्या धारेवर, त्या धुक्यात आणि पावसात, या राजपुत्राने आकाश पाहिले असेल काय? पाहिले असले तरी ढगांनी त्याला फारसे काही दिसू दिले नसेल.

१७०७ साली औरंगजेब मरण पावला आणि त्याच्या मुलांत गादीसाठी युद्ध जुंपले. जयसिंग हरणाऱ्या पक्षाकडून लढला. त्याचे फळ त्याला लगेच मिळाले. नव्या बादशहाने, बहादूरशहाने, अंबेर त्याच्याकडून काढून घेतले. त्यावर मेवाड आणि जोधपूर या राज्यांशी सख्य करून जयसिंगाने १७०८ साली आपले राज्य परत मिळविले. पुढे दिल्लीस बादशहा भराभर बदलत गेले. परंतु जयसिंगाचे वजन वाढतच गेले. माळवा आणि आग्रा या प्रांतांचा कारभारही त्याच्याकडे आला.

लहानपणापासून त्याला गणिताचा आणि ज्योतिषाचा नाद होता. येथे ज्योतिष याचा अर्थ भविष्य सांगणे असा घ्यावयाचा नाही. सूर्य, चंद्र आणि ग्रह आज कोठे आहेत, उद्या कोठे असतील, ग्रहण केव्हा लागेल, केव्हा सुटेल हे गणिताने काढण्याची जी विद्या, तिचा त्याला ध्यास होता. त्याने संस्कृत ग्रंथ अभ्यासले. अरबी व फारसी ग्रंथ मिळविले. समरकंदचा सुलतान उलुग बेग याने जयसिंगाच्या जवळजवळ तीनशे वर्षे अगोदर मोठी वेधशाळा बांधून ताऱ्यांची कोष्टके तयार केली होती. तीही त्याने बारकाईने पाहिली. जगन्नाथ सम्राट नावाचा विद्वान पंडित त्याच्या पदरी होता. ग्रीक पंडित युक्लिड याची भूमिती आणि टॉलेमी याचा ज्योतिषावरील थोर ग्रंथ, हे दोन्ही ग्रंथ या जगन्नाथाने अरबी भाषेतून संस्कृतात आणले. भूमितीच्या ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’.

इतके ग्रंथ जमले आणि तेथेच अडचण उभी राहिली. ग्रंथांचे एकमेकांशी जुळेना, आणि पुष्कळदा कोणत्याच ग्रंथाचे आकाशाशी जुळेना. कोष्टकावरून काढलेल्या जागी ग्रह नसे. ग्रहणाची वेळ पुढेमागे होई. आता हे का होते, ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. ग्रहाच्या रोजच्या गतीत अगदी केसाएवढी चूक राहिली, तरी ती दरवर्षी साचत जाते. दिवसाला एक सेकंद पुढे जाणारे घड्याळ आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही; पण ते शंभर वर्षे तसेच चालू ठेवले, तर त्यात आणि सूर्यात सकाळ-संध्याकाळचे अंतर पडेल. जुनी कोष्टके अशीच दमली होती. धर्मकृत्ये, पेरण्या, प्रवास, मोहिमा हे सारे पंचांगावर चालत असे. दिल्लीच्या दरबारात तर बादशहाच्या मोहिमेचा मुहूर्त कोणता, यावर हिंदू व मुसलमान ज्योतिषांत वाद माजला आणि तेव्हा जयसिंगाने हे काम अंगावर घेतले, असे सांगतात.

जुन्या ग्रंथातील चूक दुसऱ्या जुन्या ग्रंथावरून कशी सुधारणार? जयसिंगाने ठरविले की, पुन्हा आकाशालाच विचारावयाचे. त्यासाठी यंत्रे हवीत. प्रथम त्याने उलुग बेगाच्या परंपरेतील पितळी यंत्रे करविली. पण ती त्याच्या मनास येईनात. त्यांचे दोष त्याने आपल्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेविले आहेत. यंत्रे लहान, म्हणून त्यांवर अंशाच्या खालचे बारीक भाग कोरता येत नाहीत. त्यांचे आस फिरून फिरून झिजतात. मध्यबिंदू जागचा हलतो, पातळी सरकते. मग वेध खरा कसा यावा?

यावर त्याने जो उपाय काढला, तो गवंड्याच्या कामाचा होता. यंत्र इतके मोठे करावयाचे की त्यावर बारीकात बारीक खूण करता यावी, आणि ते दगडचुन्याचे बांधावयाचे, म्हणजे ते हलणार नाही, झिजणार नाही. १७२४ च्या सुमारास दिल्लीच्या तटाबाहेर त्याने पहिली वेधशाळा उभारली. ‘यंत्र’ या शब्दाचे बोलीभाषेत ‘जंतर’ झाले आणि लोक त्या जागेला ‘जंतरमंतर’ म्हणू लागले. मंतर तेथे काही नव्हते. होते ते सारे गणित.

या यंत्रांतील मुख्य यंत्राचे नाव ‘सम्राट यंत्र’. पुढे जयपुरास त्याने जे सम्राट यंत्र बांधले, ते सर्वांत मोठे. उन्हात काठी रोवून सावलीवरून वेळ ओळखण्याचा खेळ तुम्ही केव्हातरी केला असेल. सम्राट यंत्र म्हणजे तीच काठी, पण सुमारे नव्वद फूट उंचीची! ती काठीसारखी उभी मात्र नाही. ती एक प्रचंड त्रिकोणी भिंत आहे. तिची तिरपी बाजू जमिनीशी सुमारे सत्तावीस अंशांचा कोन करते. कारण जयपूरचे अक्षांशही तेवढेच आहेत. त्यामुळे ती बाजू बरोबर पृथ्वीच्या आसाला समांतर होते आणि तिच्या रेषेत पाहिले असता रात्री ध्रुवतारा दिसतो. तिच्यावर पायऱ्या आहेत. भिंतीच्या दोहो अंगांना पंखांसारख्या दोन वाकलेल्या कमानी असून त्यांवर तास, मिनिटे आणि त्यांहून लहान भाग कोरले आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, ती हळूहळू खाली उतरते, माध्यान्ही भिंतीच्या पायथ्याशी येते, आणि मग पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. कमान एवढी मोठी आहे की सावली तासाला सुमारे तेरा फूट सरकते. म्हणजे एका सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर. काळ चाललेला येथे डोळ्यांनी दिसतो. कमानीवरील सर्वांत लहान खूण दोन सेकंदांची आहे.

एवढ्या मोठ्या यंत्रालाही एक अडचण होती आणि ती सांगितली पाहिजे. सूर्य हा बिंदू नव्हे. त्याचे बिंब चांगले अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे इतक्या उंच भिंतीच्या सावलीची कड रेखीव पडत नाही, ती वीतभर जागेत विरत जाते. मग दोन सेकंदांची खूण वाचावी कशी? कमानीजवळ एक बारीक दोरा ताणून धरला आणि त्याची सावली या पुसट कडेत कोठे नाहीशी होते ते पाहिले, तर पुष्कळ नेमका वेध मिळतो. यंत्र नुसते मोठे असून भागत नाही, वेध घेणाऱ्याचा हातही तयार असावा लागतो.

सम्राट यंत्रालाच लागून अंधाऱ्या खोल्या आहेत. तेथील यंत्राला ‘षष्ठांश यंत्र’ म्हणतात. वर एक लहानसे छिद्र आणि खाली साठ अंशांची गुळगुळीत कमान. दिवसभर तेथे अंधार असतो. पण बरोबर माध्यान्ही त्या छिद्रातून सूर्याचा कवडसा आत उतरतो आणि कमानीवर सूर्याचे लहानसे स्वच्छ बिंब उमटते. ते कोणत्या अंशावर पडले, हे वाचले की सूर्याची उंची कळते. उन्हाळ्यात सूर्य सर्वांत वर असतो त्या दिवशीची उंची व हिवाळ्यात सर्वांत खाली असतो त्या दिवशीची उंची यांतील फरकाचे अर्धे केले, म्हणजे पृथ्वीचा आस किती कलला आहे हे निघते. जयसिंगाने तो कल २३ अंश २८ कला असा दिला आहे. हा कल फार सावकाश कमी होत असतो; आज तो २३ अंश २६ कलांच्या आसपास आहे. मागचा हिशेब करून पाहता जयसिंगाच्या वेळी तो २३ अंश २८ कलांहून किंचित अधिक, म्हणजे अर्ध्या कलेच्या आतबाहेर येतो. दगड, चुना आणि एक छिद्र यांवर मिळविलेले हे उत्तर आहे! मला स्वतःला नव्वद फुटांच्या भिंतीपेक्षा ही अंधारी खोली अधिक मोलाची वाटते.

‘जयप्रकाश’ नावाच्या यंत्रात जमिनीत खोदलेल्या दोन संगमरवरी कटोऱ्या आहेत. आकाशाचा घुमट उलटा करून जमिनीत ठेवला तर कसा दिसेल, तशा त्या दिसतात. वर ताणलेल्या तारांच्या मध्यावरील कड्याची सावली कटोरीत जेथे पडेल, तेथे सूर्याची आकाशातील जागा वाचावयाची. रात्री तारे पाहण्यासाठी माणसाला आत उतरता यावे म्हणून कटोरीच्या पट्ट्या मधून मधून काढून टाकल्या आहेत. एका कटोरीत जेथे पोकळी, तेथे दुसरीत दगड. दोन्ही मिळून आकाश पुरे होते.

दिल्लीच्या वेधांचे आकडे खरे आहेत कशावरून? ही शंका दुसऱ्या कोणी घेण्यापूर्वी जयसिंगाने स्वतःच घेतली. म्हणून त्याने जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही वेधशाळा बांधल्या. एकाच ताऱ्याचे वेध पाच ठिकाणी घ्यावयाचे आणि ते ताडून पाहावयाचे. काशीची वेधशाळा गंगेच्या घाटावरील मानमहालाच्या गच्चीवर आहे. उज्जैनचा मान तर फार जुना. भारतीय ज्योतिषी रेखांश मोजण्यास प्राचीन काळापासून उज्जैनपासूनच आरंभ करीत. १७२७ साली जयसिंगाने जयपूर शहर वसविले. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाच्या देखरेखीखाली सरळ रस्ते, काटकोनात चौक अशी त्याची आखणी झाली. नगरीतही भूमिती आणि वेधशाळेतही भूमिती.

सात वर्षे वेध चालले होते. तेवढ्यात युरोपातही मोठ्या वेधशाळा झाल्या असून तेथील विद्वानांनी नवी कोष्टके केली आहेत, असे जयसिंगाच्या कानी आले. १७२७ साली त्याने मॅन्युएल द फिगेरेदो नावाच्या पाद्र्याबरोबर आपली माणसे थेट पोर्तुगालला पाठविली. समुद्रमार्गाने लिस्बनपर्यंत जाणे-येणे म्हणजे वर्षांचा प्रवास. परत येताना त्यांनी ला इर या फ्रेंच ज्योतिषाची कोष्टके आणली. जयसिंगाने ती मोठ्या उत्सुकतेने आकाशाशी ताडून पाहिली, तो चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक! अर्धा अंश म्हणजे चंद्राच्या बिंबाच्या रुंदीएवढे अंतर. युरोपातील यंत्रे आपल्या यंत्रांएवढी मोठी नसावीत, म्हणून ही चूक राहिली, असा तर्क त्याने केला.

हा तर्क मात्र बरोबर नव्हता. युरोपातील ज्योतिषांनी यंत्रे मोठी करण्याचा नाद सोडून यंत्रांना दुर्बिणी जोडल्या होत्या आणि वेळ मोजण्यास लंबकाची घड्याळे घेतली होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसने १५४३ साली मांडले होते. ग्रह असे का फिरतात, हे सांगणारा न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली, म्हणजे जयसिंगाच्या जन्माच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला होता. यांतील मोलाचा भाग जयसिंगापर्यंत पोहोचला नाही. ज्या पाद्र्यांच्या हातून त्याला युरोपची विद्या मिळावयाची, त्यांच्याच धर्मपीठाने कोपर्निकसच्या मतावर बंदी घातली होती. दुर्बीण त्याला ठाऊक होती. गुरूचे चार चंद्र आणि शुक्राच्या कला यांचा त्याच्या ग्रंथात उल्लेखही आहे. पण दुर्बीण यंत्रावर बसवून तिने कोन मोजावेत, हे त्याला कोणी दाखविले नाही. दार त्याने ठोठावले होते. ते अर्धेच उघडले.

आपल्या वेधांवरून त्याने फारसी भाषेत कोष्टकांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला व तो बादशहा महंमदशहाला अर्पण केला. त्याचे नाव ‘झीज-इ-महंमदशाही’. त्यातील ताऱ्यांच्या यादीचा बराचसा भाग उलुग बेगाच्या यादीवरूनच, मधल्या काळाची दुरुस्ती करून, घेतलेला आहे. सूर्यचंद्रांचे वेध मात्र त्याच्या यंत्रांवर घेतलेले होते. १७३४ साली चंद्रनगरहून दोन फ्रेंच पाद्री जयपुरास आले, तेव्हाही त्याची जिज्ञासा तशीच ताजी होती.

हे सारे चालू असता उत्तरेत मराठ्यांची घोडी दौडू लागली होती. १७३५ साली बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा जयसिंगाने जयपुरास त्यांचे मोठ्या आदराने स्वागत केले. पुढल्याच वर्षी खुद्द बाजीरावाची व त्याची भेट झाली. मराठ्यांशी लढत बसण्यापेक्षा समजुतीने घ्यावे, असे त्याचे मत होते. मात्र दिल्लीचा दरबार कोणाचेच ऐकण्याच्या स्थितीत उरला नव्हता.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंगाचा मृत्यू झाला. मुलांत गादीसाठी भांडणे लागली आणि वेध घेण्यास कोणाला सवड राहिली नाही. मथुरेची वेधशाळा तर १८५७ च्या आधीच समूळ नाहीशी झाली. दिल्लीच्या यंत्रांचे चुने निखळले, खुणा पुसल्या. जयपूरच्या यंत्रांची १९०१-०२ साली दुरुस्ती झाली. त्या कामात हिंदीचे नामवंत लेखक चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा हात होता. २०१० साली युनेस्कोने ही वेधशाळा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. उज्जैनच्या यंत्रांचा जीर्णोद्धार १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले.

दिल्लीचे जंतरमंतर आता उंच इमारतींनी वेढले आहे. सकाळ-संध्याकाळचे ऊन तेथे पूर्वीसारखे मोकळे येत नाही. जयपुरास मात्र सम्राट यंत्रावर सावली अजून वाचता येते. तुम्ही तेथे गेलात आणि तुमच्या घड्याळात व यंत्रात फरक दिसला, तर यंत्राला नावे ठेवू नका. आपली घड्याळे साऱ्या देशासाठी ठरविलेल्या ८२॥ अंश रेखांशावरची वेळ दाखवितात. जयपूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. यंत्रावर जी वेळ दिसेल, तीत सुमारे सत्तावीस मिनिटे मिळवावयाची. वर्षभरात सूर्याची चाल किंचित पुढेमागे होत असते, तेवढी त्या दिवसाची दुरुस्ती पंचांगातून घ्यावयाची. मग घड्याळाकडे पाहावे.